वायर अडकते ती स्लॅबच्या दिवशी

वायरिंग चालू असताना एखाद्या खोलीत वायर अडकली की साइटवरची सगळी बोटं एकाच माणसाकडे वळतात. पाईप नवा, वायर नवी, दोन्ही गुळगुळीत, मग अडतंय कुठं, असं घरमालक विचारतो. ठेकेदार सांगतो, पोरगं नवीन आहे, अजून एक माणूस लावतो. फॉल्स सीलिंगची तारीख पुढे गेली म्हणून इंटिरियरवाले आधीच वैतागलेले असतात. शिडीवरच्या वायरमनने तो पाईप टाकलेला नसतो, पाईपची वळणं त्याला दिसत नसतात आणि त्याला पैसे पॉइंटच्या हिशोबाने मिळणार असतात. तो मुकाट्याने दोरी मनगटाला गुंडाळतो आणि पुन्हा जोर लावतो.

छत्रपती संभाजीनगरात बीड बायपासपासून हर्सूलपर्यंत जिथे जिथे नव्या इमारती उभ्या राहतायत, तिथे हा प्रकार नित्याचा झाला आहे. त्यामागे एक ठाम समजूत आहे, आणि ती चांगल्या शिकलेल्या इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकायला मिळते: प्लास्टिकचा पाईप आला आणि वायर ओढण्याचा प्रश्न मिटला, आता काही अडलं तर तो हाताचा दोष. मला या समजुतीचा समाचार घ्यायचा आहे. माझं म्हणणं असं, की वायर ओढायला किती जोर लागणार हे ओढण्याच्या दिवशी ठरत नाही. ते स्लॅब पडायच्या आधी, सळयांवर पाईप अंथरताना ठरून गेलेलं असतं. त्या दिवशी जे चुकलं, त्याची किंमत सहा महिन्यांनी शिडीवरच्या माणसाकडून वसूल करायची, हा शुद्ध अन्याय आहे. त्याहून वाईट म्हणजे, त्यातून घरात लपून राहणारा धोका तयार होतो.

समोरच्या बाजूत जे खरं आहे ते आधी मान्य करू. लोखंडी पाईपच्या काळात कापलेल्या टोकाला धार राहायची. रीमर फिरवला नाही तर तीच धार इन्सुलेशन सोलून काढायची. ओल लागली की आतून गंज. पीव्हीसी पाईप हलका, स्वस्त, गंज नाही, करवतीने कापा, सोल्युशन लावा आणि जोडा. शिवाय तो स्वतः वीजरोधक. लोखंडाच्या तुलनेत तो बरा, यात वाद नाही. पण लोखंडापेक्षा बरा असणं वेगळं आणि वायर त्यातून आपसूक घसरत जाणं वेगळं.

‘पूर्वीचे वायरमन कधी अशी तक्रार करत नव्हते,’ हाही एक ठेवणीतला युक्तिवाद आहे. पूर्वी म्हणजे नक्की कधी? गुलमंडी, शहागंजच्या जुन्या घरांत भिंतीवर सागवानी पट्टी असायची, तिच्यावर क्लिपा मारून वायर बसवलेली. किंवा खाचेची लाकडी पट्टी आणि वर झाकण. झाकण उघडा, वायर ठेवा, झाकण लावा. ओढण्याचा प्रसंगच यायचा नाही. वायर दिसायला नको, भिंत सपाट हवी, ही आपली हौस. ती हौस पुरवायला पाईप स्लॅबमध्ये आणि भिंतीच्या झिरीत गेला आणि तिथून पुढे ओढाओढ सुरू झाली. न ओढणाऱ्यांची न ओढण्याबद्दलची शांतता आजच्या माणसाला ऐकवण्यात अर्थ नाही.

आता मुख्य मुद्दा, गुळगुळीतपणाचा. गुळगुळीत म्हणजे घसरणारं, असं डोळ्याला वाटतं. प्लास्टिकच्या बाबतीत ते बहुतेक वेळा उलट असतं. त्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको, वाळूजला जा. तिथे गरवारे, कॉस्मो यांचे प्लास्टिक फिल्मचे कारखाने आहेत. या धंद्यातल्या कुणालाही विचारा, अगदी नितळ फिल्म रिळावर गुंडाळली तर काय होतं? थरावर थर बिलगतो आणि सुटता सुटत नाही. म्हणून फिल्म बनवताना तिच्यात डोळ्याला न दिसणारे सिलिकाचे कण मुद्दाम मिसळतात. पृष्ठभाग किंचित खडबडीत झाला की मग ती सुरळीत सरकते. पॉलिप्रॉपिलिनच्या फिल्ममध्ये तर घसरण वाढवणारी रसायनंही घालतात. ती हळूहळू आतून वर येतात आणि थरांच्या मध्ये वंगणासारखी बसतात. गुळगुळीतपणाने घसरण होत असती तर हा सगळा खटाटोप कुणी कशाला केला असता?

कारण सोपं आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकतात तेव्हा ते सगळीकडे टेकत नाहीत, काही बारीक ठिपक्यांवर टेकतात आणि त्या ठिपक्यांवर एकमेकांना चिकटतात. केंब्रिजच्या बोडन आणि टेबर या दोघांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात घर्षणाचा हा उलगडा सविस्तर मांडला. धातू कडक असतो, त्याचे ठिपके लहान राहतात. प्लास्टिक मऊ असतं, ते दाबाखाली पसरतं आणि टेकण्याची जागा वाढवतं. त्यातही वायरवरचं पीव्हीसी आणि पाईपचं पीव्हीसी एकच नव्हे. पाईपचं कडक असतं. वायरचं वाकावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळून ते मऊ केलेलं असतं. म्हणजे कडक नळीत मऊ, लवचिक, जरासं चिकट आवरण आपण ओढतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. गच्चीखालच्या स्लॅबमधला पाईप तर हवेपेक्षाही जास्त तापतो. मऊ आवरण तिथे आणखी मऊ पडतं आणि पाईपला आणखी बिलगतं.

याच चिकटपणामुळे अर्ध्यात थांबलेली वायर पुन्हा हलवणं अवघड जातं. टेकून राहिलेल्या मऊ प्लास्टिकची टेकण्याची जागा वेळ जाईल तशी वाढत राहते. वायर निम्मी ओढून चहाला जाणाऱ्यांना परतल्यावर ती हलत नाही असं वाटतं ते उगाच नाही. सुटताना ती झटक्याने सुटते, पुन्हा धरते, पुन्हा सुटते. हा हिसका हाताला जाणवतो, आणि तोच हिसका आत इन्सुलेशनलाही बसत असतो.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी एक प्रयोग करावा. त्याला प्रयोगशाळा नको. एक मीटर पाईप घ्या, उभा चिरून त्याची पन्हळ करा. वायरचे वीतभर सरळ तुकडे एकत्र बांधा, ती जुडी पन्हळीत ठेवा, आणि पन्हळीचं एक टोक जमिनीवर ठेवून दुसरं हळूहळू उचला. जुडी कितव्या सेंटिमीटरला घसरते ते बघा. टोक ४५ सेंटिमीटर उचलल्यावर घसरली तर घर्षणांक ०.५. वीस सेंटिमीटरला घसरली तर ०.२. कोरड्या पीव्हीसी पाईपमध्ये पीव्हीसीची वायर ओढायची असेल, तर हिशोब करणारे लोक घर्षणांक साधारण ०.५ धरतात. चांगलं वंगण असेल तर ०.२ धरतात. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचा सगळा वाद त्यांच्यावरच उभा आहे.

सरळ पाईपमध्ये हे घर्षण फारसं छळत नाही. दीड एमएमच्या तीन वायरी, वीस मीटर सरळ पाईप. तिन्ही वायरींचं मिळून वजन भरतं जेमतेम सव्वा किलो. कोरड्या पाईपमध्येही त्या ओढायला पाऊण किलोपेक्षा कमी जोर पुरतो. लहान मूलही ओढेल. सगळी मेख बेंडमध्ये आहे, कारण बेंडमध्ये वायर पाईपवर आपल्या वजनाने दाबली जात नाही, तर ओढीने दाबली जाते. जितकं ओढाल तितकी ती आतल्या वळणाला आवळली जाते. जितकी आवळली जाते तितकं घर्षण वाढतं. आणि घर्षण वाढलं की आपण आणखी ओढतो.

शेतात विहिरीत मोटर सोडताना पाहिलंय ना? दीड-दोनशे किलोची मोटर, पण दोराला बाभळीच्या बुंध्याचे दोन-तीन वेढे दिले की एकटा माणूस ती सावकाश खाली सोडतो. वेढा वाढला की हाताला लागणारा जोर नुसता कमी होत नाही, तो पटींनी कमी होतो. अठराव्या शतकात ऑयलरने याचं गणित मांडलं. पाईपच्या बेंडमध्ये हेच गणित तुमच्या विरुद्ध चालतं. तिथे बुंधा म्हणजे बेंड, मोटरच्या जागी वायरमन आणि दोर धरणाऱ्याच्या जागी मागून बंडल सोडणारा हेल्पर. त्याच्या हाताची थोडीशी अडवणूक प्रत्येक वळणाला पटीने वाढत पुढे जाते.

आकडे पाहू. ९० मीटरच्या बंडलातून वायर सुटताना, हेल्परच्या हाताची धरून, समजा एक किलोची अडवणूक आहे. कोरड्या पाईपमध्ये पहिल्या काटकोनी बेंडनंतर ती २.२ किलो होते. दुसऱ्यानंतर ४.८. तिसऱ्यानंतर साडेदहाच्या वर. चौथ्यानंतर २३ किलो. हे सगळं फक्त बेंडांमुळे. सरळ भागाचं घर्षण, सोल्युशनच्या गाठी, आत गेलेली सिमेंटची राड हे सगळं वेगळं. आता तोच पाईप, तेच चार बेंड, पण घर्षणांक ०.२ करा. एक किलोचे शेवटी साडेतीन किलो होतात. माणूस तोच, शिडी तीच, पाईप तोच. फरक २३ आणि साडेतीनचा. यात वायरमनचा ‘हात’ कुठे आला?

आता दुसरा हिशोब. केबलच्या धंद्यात तांब्याच्या वायरीला दर चौरस मिलिमीटरला ५ किलोपर्यंतच ओढ द्यावी असं मानतात. ॲल्युमिनियमला ३ किलो. दीड एमएमच्या तीन वायरींना मिळून मर्यादा झाली साडेबावीस किलो, तीही तिघींवर भार सारखा पडला तर. चार कोरडे बेंड ओलांडतानाच ही मर्यादा मागे पडते. म्हणजे ‘दुसरा माणूस लावा’ हा सल्ला देणारे प्रत्यक्षात तांबं ताणण्याचा सल्ला देत असतात. दोन धडधाकट माणसं मिळून पन्नास-साठ किलो सहज ओढतात. वायर येते. सगळे खूश होतात. आत काय झालं ते कुणालाच दिसत नाही.

मी असा एक बेंड पाहिला आहे. बीड बायपासजवळच्या एका इमारतीत वायर हट्टाने ओढल्यावर पुढे भिंत फोडावी लागली, तेव्हा तो बेंड कापून काढला आणि उभा चिरला. आतल्या वळणाला बोटाला सहज जाणवेल अशी खाच पडली होती. खाचेच्या कडा चकाकत होत्या आणि तिच्या टोकाशी वितळून पुन्हा थिजलेल्या पीव्हीसीचा तपकिरी कंगोरा होता. एका जागी तर भोक आरपार गेलं होतं. दोरी नायलॉनची. तिच्यावर डागही नव्हता.

यात नवल काहीच नाही. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे घासण्याची सगळी ऊब घासल्या जागीच साठते. दोरीचा प्रत्येक भाग बेंडवरून एकदाच जातो. बेंडची तीच बोटभर जागा मात्र सबंध दोरीचं घासणं सोसते. नायलॉन २०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतं, पाईपचं कडक पीव्हीसी ८० अंशांच्या आसपासच नरम पडतं. मग हरणार कोण हे सांगायला नको. आपण वायर ओढतोय असं वाटत असतं, प्रत्यक्षात आपण आपल्याच पाईपला करवत लावलेली असते.

याच करवतीचा सगळ्यांत घातक प्रकार घर बांधून झाल्यावर घडतो. दोन वर्षांनी एसी येतो, मग इन्व्हर्टर, मग कॅमेरे. नवा पाईप टाकायला भिंत फोडायची तयारी नसते. ‘त्याच पाईपमधून अजून एक काढा’ असा हुकूम सुटतो. आधीच्या वायरी पाईपमध्ये जागच्या जागी पडलेल्या असतात, नवी वायर त्यांच्यावरून सर्रकन ओढली जाते. मऊ पीव्हीसीवर मऊ पीव्हीसी, आणि बेंडमध्ये जुन्या वायरीची एकच जागा नव्या वायरीची सगळी लांबी झेलते. इन्सुलेशन तिथे पातळ होतं, कधी तांबं उघडं पडतं. त्या दिवशी दिवे लागतात. इन्सुलेशन तपासायला मेगर लावायची पद्धत घरगुती कामात फारशी नाहीच, त्यामुळे दोष कळायला पावसाळ्यातली ओल यावी लागते किंवा ईएलसीबी उगाचच ट्रिप व्हायला लागावा लागतो. तेव्हा पुन्हा वायरमनलाच बोलावतात आणि पुन्हा त्यालाच बोल लावतात.

इतकं सांगितलं की प्रतिपक्ष दुसऱ्या दारातून आत येतो: ‘मग पाईप मोठा टाका की.’ मोठा पाईप चांगलाच. तीन किंवा जास्त वायरी असतील तर पाईपच्या आतल्या जागेचा ४० टक्क्यांहून जास्त भाग भरू नये, असा अमेरिकन संहितेचा दंडक आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. पण ऑयलरच्या हिशोबात पाईपचा व्यास येतच नाही. त्यात येतात फक्त घर्षणांक आणि वळणाचा एकूण कोन. तसंच बेंड मोठ्या गोलाईचा घेतला तर दाब जास्त लांबीवर वाटला जातो, इन्सुलेशन वाचतं आणि खाच पडत नाही. एल्बोपेक्षा लांब बेंड केव्हाही सरस, तो याचसाठी. पण ओढीचा गुणाकार त्याने कमी होत नाही. काटकोन तो काटकोनच. जाड केबलींच्या बाबतीत तर मोठ्या पाईपचा एक उलटाही फटका बसतो. पाईपचा आतला व्यास एका केबलच्या व्यासाच्या २.८ ते ३.२ पट असला, की सरळ भागात त्रिकोणात राहणाऱ्या तीन केबली बेंडमध्ये एका रांगेत येतात आणि पाचर बसल्यासारख्या अडतात. म्हणजे मोठा पाईपही डोळे झाकून चालत नाही, हिशोब करूनच घ्यावा लागतो.

तिसरं दार साबणाचं. साबणाचं पाणी, खोबरेल, ग्रीस, गाडीचं तेल, जे हाताला येईल ते. काम त्या क्षणी होतं, हे खरं. पण तेल आणि ग्रीस मऊ पीव्हीसीत शिरतात आणि त्यातलं प्लास्टिसायझर बाहेर काढतात. आवरण काही फुगतं, काही पुढे कडक होऊन तडकतं. साबणाचं पाणी सुकतं आणि मागे चिकट थर ठेवतं. पंधरा वर्षांनी वायर बदलायला गेलं की त्याच साबणाने ती पाईपला चिकटवलेली असते. पॉलिथिलिनच्या आवरणाच्या केबलीला तर साबणासारख्या द्रव्यांमुळे ताणाखाली तडे जातात. शंखजिऱ्याची पूड त्या मानाने निरुपद्रवी, छोट्या सरळ कामाला पुरते, पण लांबच्या ओढीत ती पहिल्या दोन बेंडांतच पुसली जाते. केबल ओढण्यासाठी पाण्यावर आधारलेली जेल मिळते. ती केबलच्या आवरणाला बाधत नाही ना, हे तपासण्याची आयईईई १२१० ही प्रमाणित पद्धतही आहे. जेलचा खर्च नव्या फ्लॅटच्या टाइल्सपुढे चिल्लर आहे. तरीही आपल्याकडे ती मागवली जात नाही, कारण ‘गुळगुळीत पाईपला वंगण कशाला’ हीच मूळ समजूत.

याच गावात घर्षणाचा पाईपैशाचा हिशोब ठेवणारी दुसरी दुनिया आहे, हे सगळ्यांत बोचणारं. स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या वाळूजमधल्या कारखान्यात काचेचे केसाएवढे तंतू ओढले जातात. पुढे या तंतूंच्या केबली देशभर जमिनीखालून जातात. रस्त्याकडेला नारिंगी नळीची मोठी भेंडोळी पडलेली सगळ्यांनी पाहिली आहेत; भारतनेटसारख्या योजनांत गावोगावी तीच वापरली गेली. ती साधी नळी नव्हे. बाहेरून ४० मिलिमीटर, आतून ३३, आणि आतल्या बाजूला घन वंगणाचा थर कारखान्यातच नळीबरोबर ओतलेला. दूरसंचार खात्याच्या निकषात तिचा घर्षणांक ०.०६ च्या वर चालत नाही. आपल्या एक किलोचं चार बेंडांनंतर तिथे दीड किलोसुद्धा होत नाही. त्यावरही समाधान नाही, म्हणून केबल ओढण्याऐवजी कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकतात. हवा केबलला तिच्या सबंध लांबीवर पुढे रेटते, त्यामुळे ओढ एका टोकाशी साचत नाही आणि केबल एका दमात किलोमीटरभर जाते. काचेच्या तंतूसाठी इतकी काळजी, आणि ज्या वायरीत २३० व्होल्ट आहेत, जिच्याखाली घरातली माणसं झोपतात, तिच्यासाठी ‘जोर लावा’ एवढंच तंत्रज्ञान? तंतू तुटला तर इंटरनेट जातं. वायरचं आवरण फाटलं तर काय जातं हे सांगायला नको.

आता शेवटची आणि खरी हरकत. ही तांत्रिक नाही, पैशाची आणि देखणेपणाची आहे. वाटेत जंक्शन बॉक्स ठेवले की छताला, भिंतीला झाकणं दिसतात. ग्राहक नको म्हणतो. इंटिरियरवाले बॉक्स पुटीखाली गाडून टाकतात. बॉक्स ठेवायचा नाही म्हणून पाईप एका खोलीतून तिसऱ्या खोलीत सलग नेला जातो. नकाशावर ती रेघ सरळ असते. सळयांच्या जाळीत मात्र तो पाईप एका सळईखालून जातो, दुसऱ्या सळईवरून येतो, बीमपाशी खाली वाकतो, फॅन बॉक्सपाशी आडवा होतो. पंधरा-पंधरा अंशांची अशी आठ वळणं झाली की १२० अंश झाले, आणि त्यात अजून एकही बेंड मोजलेला नाही. ऑयलरला वळण बेंडचं की सळईचं याच्याशी कर्तव्य नाही; तो सगळे अंश एकत्र मोजतो. आपल्याकडच्या वायरिंगच्या मानकांत एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत चार काटकोनांपेक्षा जास्त वळण नको असा नियम आहे. अमेरिकन संहितेत तीच मर्यादा ३६० अंश अशी लिहिली आहे. ही शेवटची मर्यादा आहे, मुक्कामाचं ठिकाण नव्हे. कोरड्या पाईपमध्ये चार काटकोनांचा अर्थ तेवीस पट होतो, हे वर पाहिलंच. घरगुती कामात दोन काटकोनांनंतर बॉक्स हवाच, हे माझं ठाम मत आहे.

झाकण दिसतं ही तक्रार या शहराने तरी करू नये. मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून नहर आणली तेव्हा वाटेत ठिकठिकाणी उतरायला जागा ठेवल्या, कारण जे लपवायचं ते कधीतरी उघडावं लागणार हे त्याला ठाऊक होतं. झाकणाला भिंतीचा रंग देता येतो, ते लॉफ्टमध्ये घेता येतं, कपाटाच्या वर घेता येतं. ते फक्त उघडता आलं पाहिजे. कन्सील पाईपचा हेतूच मुळी वायर पुन्हा काढता-घालता यावी हा आहे. जिथून वायर निघत नाही तो पाईप असून नसल्यासारखा. मग वायर सरळ प्लास्टरमध्येच गाडली असती तरी काय बिघडलं असतं?

उपाय खर्चाचे नाहीत, सवयीचे आहेत. स्लॅब ओतायच्या आधी सुपरवायझरने प्रत्येक पाईपची वळणं अंशांत मोजावीत आणि आकडा नकाशावर लिहावा. एकशेऐंशीच्या पुढे गेला तर तिथे बॉक्स. पाईपची तोंडं बंद करूनच काँक्रीट टाकावं. वायर बेंडच्या जवळच्या टोकाने सोडावी आणि सरळ भागाच्या टोकाकडून ओढावी. ही नुसती दिशा बदलण्याची गोष्ट आहे, आणि फुकट आहे. सरळ भागात पाच किलोची ओढ लागणारी जड केबल आणि वाटेत एकच बेंड घ्या. मागची अडवणूक वरचीच एक किलो धरू. बेंडच्या बाजूने सोडली तर कोरड्या पाईपमध्येही शेवटी सात किलोंच्या आसपास जोर लागतो. उलट बाजूने सोडली तर तेरा किलो, कारण पाच किलोचं ओझं घेऊनच ती बेंडवर येते. जेल वापरावी. सगळ्या वायरी एकदमच ओढाव्यात, जुन्यांवरून नवी नको. पुढे एसी, इन्व्हर्टर येणारच आहे, तेव्हा एक रिकामा पाईप आजच टाकून ठेवावा. आणि काम संपल्यावर मेगर लावून आकडा लिहून घ्यावा.

यातल्या बहुतेक गोष्टी शिडीवरच्या वायरमनच्या हातात नाहीत. वळणं ठरवतो नकाशा काढणारा, बॉक्स नाकारतो घरमालक, जेलचे पैसे वाचवतो ठेकेदार, आणि पॉइंटच्या दराने काम देऊन घाई लावतो तोच. आयटीआयमधून शिकून आलेल्या पोराला हे गणित शिकवलं नसेल, पण त्याच्या खांद्याला ते रोज कळतं. तेव्हा पुढच्या वेळी वायर अडकली की त्याच्यावर आवाज चढवण्याआधी नकाशा मागवा आणि त्या पाईपची वळणं मोजा. आकडा चार काटकोनांच्या पुढे निघाला, तर आवाज कुणावर चढवायचा हे तुमचं तुम्हालाच कळेल. आणि नकाशावर तो आकडा लिहिलेलाच नसेल, तर स्लॅबच्या दिवशी तो न लिहिणाऱ्याला आधी बोलवा.